घर नावावर, सही मामाची

माझं वय सतरा वर्षं चार महिने होतं तेव्हा माझ्या नावावर दोन खोल्यांचं अख्खं घर होतं आणि मला राहायला एक कॉट मिळत नव्हती.

बाबा गेले तेव्हा मी बारा वर्षांची होते. मी अकरावीत असताना आई गेली. घर दोघांच्या नावावर होतं, मृत्युपत्र कोणीच केलेलं नव्हतं, आजी आधीच गेलेली, मला भाऊ-बहीण नाही. त्यामुळे बाबांचा अर्धा हिस्सा आधी आई आणि मी अशा दोघींकडे आला आणि आईच्या मागे सगळंच माझ्याकडे. बारावी मामाकडे राहून केली. पुढे दुसऱ्या शहरात प्रवेश मिळाला, तिथल्या वसतिगृहाच्या यादीत माझा नंबर लागला नाही आणि मी खोली शोधायला बाहेर पडले.

पहिल्या एजंटचं टेबल मला अजून जसंच्या तसं आठवतं. लॅपटॉप, त्याच्या डोक्यावर चिमट्याने लावलेला कॅमेरा, आणि वायरला जोडलेलं अंगठा घ्यायचं छोटं यंत्र. खोली पसंत होती, डिपॉझिटचे पैसे खात्यात होते. त्याने माझं आधार कार्ड घेऊन करार भरायला सुरुवात केली. नाव लिहिलं, पत्ता लिहिला आणि जन्मतारखेपाशी थांबला. बोटांवर महिने मोजले. मग माझ्यापुढे ठेवलेलं ते यंत्र त्याने हळूच स्वतःकडे ओढून घेतलं. "बाळा, तुला अजून आठ महिने आहेत. पप्पांना घेऊन ये."

पप्पा नाहीत म्हटलं. मग मम्मीला आण. मम्मीही नाही म्हटल्यावर तो ओशाळला, पाण्याचा ग्लास पुढे केला, पण यंत्र परत माझ्याकडे सरकलं नाही. त्या दिवशी मला त्याचा राग आला होता. आज सांगते, तो बरोबर होता. भारतीय करार कायदा १८७२ चा. त्याच्या कलम ११ प्रमाणे करार करायला माणूस सज्ञान लागतो. सज्ञान कधी, ते १८७५ चा कायदा सांगतो: अठरा वर्षं पूर्ण झाली की. नोंदणीच्या १९०८ च्या कायद्यात तर इतकं स्पष्ट आहे, की करार लिहून देणारी व्यक्ती दुय्यम निबंधकाला, म्हणजे नोंदणी करणाऱ्या अधिकाऱ्याला, अज्ञान (अठराच्या आतली) दिसली तर त्याने नोंदणी नाकारायची. एजंटने माझा अंगठा घेतला असता तरी तो कागद माझ्यापुरता कोराच राहिला असता.

मला हे तेव्हाच थोडंफार माहीत असायला हवं होतं. कारण त्याआधी वर्षभर मी आणि मामा जिल्हा न्यायालयाच्या पायऱ्या चढत-उतरत होतो.

झालं असं, की आई गेल्यावर मामाला वाटलं, मीच पालक, यात विचारायचं काय? शाळेने, कॉलेजने, दवाखान्याने त्याची सही पालक म्हणून घेतली, कधी कोणी अडवलं नाही. अडलं ते सोसायटीत. घर माझ्या नावावर करायचा अर्ज दिला तेव्हा सचिवांनी विचारलं, पालक म्हणून तुमची नेमणूक कोणी केली? प्रश्न खोचक वाटला, पण आडमुठा नव्हता. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा १९५६ चा. त्यात नैसर्गिक पालक म्हणजे वडील आणि आई, एवढंच. लग्न झालेल्या मुलीचा नवराही त्यात धरलाय, पण ती गोष्ट वेगळी. मामा, काका, आत्या, आजोबा यांतलं कोणीही आपोआप पालक होत नाही, मग त्यांनी मुलाला पोटच्या पोरासारखं वाढवलेलं असो. आणि ज्याने नुसतं सांभाळलंय त्याला अज्ञानाच्या मालमत्तेचा कसलाही व्यवहार करता येणार नाही, असं त्याच कायद्यात कलम ११ मध्ये लिहिलंय. मामा त्या संध्याकाळी जेवला नाही. "म्हणजे मी कोण?" एवढंच म्हणाला.

मग ओळखीतून एक वकीलबाई मिळाल्या. त्यांनी दोन कामं वेगळी करून दिली. एक, मी एकटीच वारस आहे याचा वारस दाखला. महाराष्ट्रात तो अजूनही १८२७ च्या मुंबई रेग्युलेशनखाली मिळतो, हे ऐकून मला फार नवल वाटलं होतं. दुसरं, मामाला माझा आणि माझ्या मालमत्तेचा पालक नेमावं असा अर्ज, १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली. हा अर्ज अज्ञान मूल जिथे नेहमी राहतं तिथल्या जिल्हा न्यायालयात करता येतो. मालमत्तेपुरता असेल तर मालमत्ता जिथे आहे तिथेही चालतो. आम्ही मामाच्या गावच्या जिल्ह्यात केला, नाहीतर प्रत्येक तारखेला प्रवास झाला असता.

अर्जात काय काय लागलं ते सांगते, कारण ज्यांच्यावर ही वेळ येईल त्यांना हे आधी कळलं तर दोन महिने वाचतील. माझा जन्मदाखला, आई-बाबांचे मृत्यूचे दाखले, घराचा करारनामा आणि इंडेक्स टू (त्याच्या नोंदणीचा उतारा), सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, बँकेतल्या ठेवींची यादी. मामाचं वेगळं संमतिपत्र, की मी पालक व्हायला तयार आहे. त्यावर त्याची सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या. आणि माझ्या जवळच्या नातेवाइकांची नावं, पत्ते. हे शेवटचं आम्ही अगदी सहज भरलं आणि तिथेच चुकलो.

न्यायालय त्या नातेवाइकांना नोटीस काढतं. काढायलाच हवी, कारण मुलाच्या मालमत्तेवर कोण बसतंय हे बाकीच्यांना कळलं पाहिजे. पण माझ्या आत्याला आधी कोणी फोन केला नव्हता. तिच्या दारात एक दिवस बेलिफ, म्हणजे कोर्टाची नोटीस पोचवणारा कर्मचारी, उभा राहिला. भावाच्या मुलीच्या नावाची कोर्टाची नोटीस हातात आल्यावर तिला वाटलं, आपल्यावर कोणी दावा टाकलाय. ती किती दिवस आमच्याशी बोलली नाही. तारखेला आली तेव्हा तिने हरकत घेतली नाही, "माझी ना नाही" असं लिहून दिलं, पण बाहेरच्या बाकावर मामापासून लांब बसली. कागद तयार करायच्या आधी एक फोन, एवढंच करायचं होतं आम्हाला.

नवव्या की दहाव्या तारखेला न्यायाधीशांनी मला चेंबरमध्ये बोलावलं. मामा बाहेर. मी फार घाबरले होते. त्यांनी चष्मा काढून ठेवला आणि विचारलं, कोणाकडे राहायला तुला बरं वाटतं? मग, मामांच्या घरी तुझं कपाट वेगळं आहे का? अभ्यासाला जागा आहे का? आईचे दागिने कुठे आहेत, तुला माहीत आहे का? मी सांगितलं, बँकेच्या लॉकरमध्ये, चावी माझ्याकडे. तेव्हा ते किंचित हसले. मला वाटलं होतं ती रीत म्हणून केलेली विचारपूस असेल. पुढे वकीलबाईंनी सांगितलं, मूल समजण्याच्या वयाचं असेल तर त्याची पसंती न्यायालय विचारात घेऊ शकतं असं त्या कायद्यातच आहे. दीड वर्षात सरकारी जागेत मला कोणी माझं मत विचारण्याची ती एकच वेळ. मी त्या माणसाची ऋणी आहे.

आदेश आला. मामा पालक झाला, घराची आणि ठेवींची यादी न्यायालयाला द्यायची, हिशेब ठेवायचा, आणि घर विकायचं, गहाण टाकायचं किंवा बक्षीस द्यायचं असेल तर आधी परवानगी घ्यायची. भाड्याने द्यायला परवानगी लागत नाही, फक्त मुदत पाच वर्षांहून जास्त नको आणि मी सज्ञान झाल्यानंतर एका वर्षाच्या पुढे जायला नको.

त्याच दिवशी कोर्टाच्या आवारात ओळखीच्या एका वयस्कर गृहस्थांनी मला घाबरवलं. म्हणाले, कोर्टाने पालक नेमला म्हणजे आता तू एकविसाव्या वर्षी सज्ञान होणार, अठराव्या नाही. मला रडूच आलं. वकीलबाईंनी समजावलं, की ते खोटं बोलत नाहीत, त्यांची माहिती जुनी आहे. पूर्वी तसंच होतं. कोर्टाने पालक नेमला असेल तर वय एकवीस धरायचे. १९९९ च्या दुरुस्तीने ते काढून टाकलं, आता सगळ्यांना अठराच. आजही कधी कोणी असं म्हणालं तर घाबरू नका.

तर असा आदेश घरात असताना मी त्या एजंटसमोर एकटी का गेले? मामाची नोकरी होती, त्याच्या सुट्ट्या माझ्या तारखांत संपल्या होत्या. मला वाटलं, एवढं एक काम आपण करू. बँकेत माझं खातं मीच चालवत होते. दहा वर्षांपुढच्या मुलांना बचत खातं स्वतः चालवू द्यायची मुभा रिझर्व्ह बँकेने २०१४ पासून बँकांना दिलेली आहे. पैसे काढता येतात, भरता येतात, तर भाडं ठरवता का येऊ नये, असा माझा साधा हिशोब.

एजंटने नकार दिल्यावर मी जे केलं ते कोणी करू नये. एका घरमालकांनी सांगितलं, "करार-बिरार कशाला, तू लहान आहेस, तोंडी ठरवू." तीन महिन्यांचं डिपॉझिट रोख मागितलं. मी दिलं. पावती मागायची हिंमत झाली नाही. सहा आठवड्यांनी त्यांच्याकडे पाहुणे यायचे ठरले आणि मला चार दिवसांत खोली सोडायला सांगितली. डिपॉझिटचा विषय काढल्यावर म्हणाले, कसलं डिपॉझिट, कागद दाखव.

मी मैत्रिणीच्या खोलीत जमिनीवर गादी टाकून राहिले आणि चौथ्या दिवशी वकीलबाईंना फोन केला. त्या रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी आधी विचारलं, जेवलीस का. मग म्हणाल्या, कागद नाही हा तुझा दोष नव्हे, त्यांचा आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा, कलम ५५. भाड्याचा असो की लिव्ह अँड लायसन्सचा (ठरावीक मुदतीसाठी राहण्याच्या परवानगीचा), करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा, आणि नोंदवून घेण्याची जबाबदारी घरमालकाची. त्याने ती पाळली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हे सगळं एका पानाच्या नोटिशीत लिहून त्यांनी मामाच्या सहीने पाठवलं, कारण माझ्या वतीने भांडायलाही पालकच लागतो. डिपॉझिट दोन हप्त्यांत परत आलं.

नंतर निवांत भेटलो तेव्हा मी त्यांना विचारलं, की कायदा माझ्या बाजूचा आहे म्हणता, मग मला कोणी खोली का देत नाही? तेव्हा त्यांनी मला धर्मदास घोषची गोष्ट सांगितली. ही गोष्ट प्रत्येक वकिलाने पहिल्या वर्षाला वाचलेली असते, मी मात्र ती ऐकून रात्रभर जागी राहिले.

१८९५ साल, कलकत्ता. धर्मदास हा अज्ञान मुलगा, त्याच्या नावावर घरं होती. ब्रह्मो दत्त नावाच्या सावकाराकडे त्याने ती घरं गहाण टाकली, वीस हजार रुपयांच्या कर्जासाठी. त्याच्या आईला, जी कोर्टाने नेमलेली त्याची पालक होती, हे कळलं. तिने वकिलामार्फत सावकाराच्या वकिलाला आधीच पत्र पाठवलं, की मुलगा एकवीस वर्षांच्या आत आहे, त्याला जो कोणी पैसे देईल तो स्वतःच्या जोखमीवर देईल. तरीही पाच दिवसांनी गहाणखत झालं. पुढे धर्मदास आणि त्याची आई कोर्टात गेले. दावा चालू असताना सावकार वारला, त्याच्या मागे मोहरी बीबी दावा लढत राहिली. १९०३ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे तेव्हाच्या लंडनमधल्या सर्वांत वरच्या अपील न्यायालयाने, सांगितलं, की अज्ञानाने केलेला करार मुळातच शून्य आहे. नंतर रद्द करता येतो असं नाही, तो कधी झालाच नव्हता. गहाण गेलं, आणि दिलेले पैसेही सावकाराला परत मिळाले नाहीत.

"आता घरमालकाच्या जागी बसून बघ," वकीलबाई म्हणाल्या. तू भाडं थकवलंस तर तो तुझ्यावर कराराच्या आधारे दावा लावू शकत नाही. अठरा वर्षांची झाल्यावर तू 'जुना करार मला मान्य' म्हणालीस तरी तो करार जिवंत होत नाही, नवाच करावा लागतो. त्याच्या हातात एकच बारीक धागा राहतो, करार कायद्याचं कलम ६८. अज्ञानाला जगायला लागणाऱ्या गोष्टी कोणी पुरवल्या, त्यात डोक्यावरचं छप्परही येतं, तर त्याची वाजवी भरपाई अज्ञानाच्या मालमत्तेतून मागता येते. अज्ञानाकडून व्यक्तिशः नाही, मालमत्तेतूनच. म्हणजे ज्याच्याकडे काहीच नाही त्याच्याकडून काहीच नाही. एका खोलीच्या भाड्यासाठी इतकं कोण करत बसेल?

मला त्या रात्री झोप आली नाही ती त्या आईच्या पत्रामुळे. मुलगा कर्ज काढतोय म्हटल्यावर तिने धावत जाऊन कोणाला तरी लेखी कळवलं होतं. माझी आई असती तर तिने त्या तोंडी खोलीच्या मालकाला काय लिहिलं असतं याचा मी विचार करत होते. ज्या नियमाने एजंटने यंत्र माझ्यापुढून ओढून घेतलं, त्याच नियमाने त्या मुलाची घरं वाचली होती. मला खोली न मिळणं आणि माझ्या नावावरचं घर कोणाला हडप करता न येणं, दोन्ही एकाच कलमातून आलेलं होतं. हे कळल्यावर माझी तक्रार संपली असं नाही, पण ती कोणाकडे करायची हा प्रश्न उरला नाही.

मार्ग निघाला तो साधा. मामाने स्वतः लायसेन्सी, म्हणजे करारात जागा घेणारा, व्हायचं आणि राहायचं मी. एक मालकीणबाई याला तयार झाल्या. पालक म्हणून माझ्या वतीने सही करायचा पर्यायही होता, पण त्यात परत माझ्यावर काय बंधनकारक आणि काय नाही हा घोळ, आणि त्यांना तो नको होता. मामाची स्वतःची जबाबदारी त्यांना समजत होती.

मसुद्यात एक ओळ मात्र आम्ही बदलून घेतली. छापील मजकुरात होतं, 'सदर जागेचा वापर लायसेन्सी व त्याचे कुटुंबीय करतील'. मामा तिथे एक दिवसही राहणार नव्हता. उद्या कोणी म्हणालं असतं, जागा दुसऱ्याच कोणाला दिली, करार मोडला. म्हणून लिहून घेतलं, की लायसेन्सीची भाची, तिचं पूर्ण नाव, वय, आधार क्रमांक, ही एकटी या जागेत राहील आणि मालकांना ते मान्य आहे. पोलिस पडताळणीच्या अर्जातही राहणारी म्हणून माझंच नाव टाकलं. ज्यांची मुलं सतरा वर्षांची असताना बाहेरगावी जातायत आणि आई किंवा वडील सही करतायत, त्यांनी ही ओळ जरूर बघावी. बहुतेक वेळा काही बिघडत नाही, पण बिघडतं तेव्हा याच ओळीवर बिघडतं.

मामा रजा काढून आला. त्याने अंगठा ठेवला, पहिल्यांदा उमटला नाही. तो शेतात आणि मशीनवर काम केलेला माणूस, अंगठ्याच्या रेषा पुसट झालेल्या. ओल्या रुमालाने पुसून, फुंकर मारून, तिसऱ्यांदा हिरवा दिवा लागला. मी बाजूला उभी होते.

याच महिन्यात माझ्या आई-बाबांचं घर भाड्याने गेलं. तिथल्या करारात लायसेन्सर, म्हणजे जागा देणारा, कोण? 'अज्ञान कुमारी अमुक, तर्फे पालक' आणि पुढे मामाचं नाव, न्यायालयाच्या आदेशाचा क्रमांक, तारीख. अकरा महिन्यांचा. मी सज्ञान झाल्यावर काही महिने पुढे जाणारा, म्हणजे एक वर्षाच्या आतच. एका गावात मी घरमालक होते, दुसऱ्या गावात माझ्या नावाने खोली मिळत नव्हती, आणि दोन्ही कागदांवर अंगठा मामाचाच.

घर विकायचीही एक वेळ आली. एका गृहस्थांना ते हवं होतं, किंमत बरी सांगत होते. ते विकून कॉलेजच्या शहरात छोटं घर घ्यावं असं मामीच्या मनात होतं, आणि तिचं चुकत नव्हतं. विकत घेणं जमण्यासारखं होतं. अज्ञानाच्या नावे खरेदीखत होतं, पालकाच्या हस्ते. पूर्ण किंमत चुकती केलेली असली आणि अज्ञानावर पुढचं कुठलं ओझं नसलं की झालं. बक्षीसपत्राने घर स्वीकारता येतं, वारसाने येतं. मिळण्याला वय आड येत नाही, बांधून घेण्याला येतं. म्हणून गृहकर्ज मात्र नाही. कर्ज म्हणजे गहाण आणि फेडीचं वचन, दोन्ही मला देता येत नव्हती.

पण आधी विकायला तर हवं. त्यासाठी न्यायालयाची परवानगी, आणि न्यायालय ती गरज असेल किंवा मुलाचा उघड फायदा असेल तरच देतं. त्या गृहस्थांचं म्हणणं, आत्ता टोकन घ्या, ताबा द्या, मुलगी अठराची झाली की सही करेल. वकीलबाईंनी हात जोडले. परवानगीशिवाय पालकाने विकलेलं घर मुलाला सज्ञान झाल्यावर तीन वर्षांच्या आत दावा लावून परत मागता येतं. आई-वडिलांनी विकलं तरीसुद्धा. विकत घेणाऱ्याची झोप उडवणारी गोष्ट आहे ही, आणि ज्या घराच्या जुन्या कागदांत कुठे 'अज्ञान' शब्द आहे ते घर घेताना परवानगीचा आदेश मागाच. आम्ही विकलं नाही. आईच्या हाताने खिडकीत बांधलेली दोरी तिथे अजून होती, हे मी कोणालाच कारण म्हणून सांगितलं नाही.

भाडं येऊ लागलं म्हणून माझं पॅन कार्ड काढलं. अज्ञानाच्या पॅनवर फोटो नसतो, सही नसते. नुसतं नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख. सीएंनी विवरण भरताना सांगितलं, की एरवी अज्ञान मुलाचं असं उत्पन्न आई किंवा वडील, ज्यांचं उत्पन्न जास्त असेल, त्यांच्या उत्पन्नात मिळवतात. मग थांबले आणि म्हणाले, तुझ्या बाबतीत ते लागू नाही, तुझं वेगळंच भरायचं. मिळवायला कोणी नव्हतं. एवढा छोटा सरकारी फॉर्म, पण आई-बाबा नाहीत हे त्याने मला जितकं नीट सांगितलं तितकं कोणी सांगितलं नव्हतं.

अठरावा वाढदिवस ज्या तारखेला, त्या तारखेच्या सुरुवातीलाच माणूस सज्ञान होतो, दिवस संपायची वाट बघावी लागत नाही. मी हे पाठ करून ठेवलं होतं. त्या आठवड्यात कामांची रांग लागली. मामाने हिशेबाची वही न्यायालयात सादर केली आणि पालकपदातून मुक्त करण्याचा अर्ज दिला. पालकाचे अधिकार मूल सज्ञान झालं की आपोआप संपतातच, पण मामाला तसा कागद हवा होता. त्या वहीत रिक्षाचे पैसेसुद्धा लिहिलेले होते.

मग गावाकडची बाबांच्या हिश्शाची थोडी जमीन. तिच्या सातबाऱ्यावर माझ्या नावापुढे 'अ.पा.क.' असा शेरा होता, अज्ञान पालनकर्ता, आणि पुढे आईचं नाव. आई गेल्यावरची वारस नोंद करायची राहूनच गेली होती, त्यामुळे कागदावर ती इतकी वर्षं माझी पालक होतीच. तलाठ्याकडे जन्माचा पुरावा आणि मृत्यूचा दाखला देऊन दोन अर्ज केले, एक वारस नोंदीचा आणि एक अपाक शेरा कमी करण्याचा. फेरफार मंजूर झाल्यावर नवा उतारा हातात आला. माझं नाव एकटं. मी जुना उतारा फाडला नाही, ठेवून दिलाय.

आणि खोलीचा करार. मामाच्या नावचा तो अजून काही महिने चालणार होता. मालकीणबाई म्हणाल्या, "अगं राहू दे की, संपला की तुझ्या नावावर करू." त्यांचं बरोबर होतं, खर्चही वाचला असता. मी ऐकलं नाही. जुना रद्द करून नवा करूया म्हणून हट्ट धरला, मुद्रांक आणि नोंदणीचे पैसे मी भरले.

तोच एजंट आला, तोच लॅपटॉप, तेच यंत्र. त्याने मला ओळखलं. आधार कार्ड घेतलं, जन्मतारखेपाशी या वेळीही थांबला, पण मोजलं नाही, नुसता हसला. लायसेन्सीच्या रकान्यात माझं नाव आलं. मी अंगठा ठेवला, पहिल्याच वेळी हिरवा दिवा लागला. मग त्याने विचारलं, साक्षीदार कोण? मामा खुर्चीतून उठून पुढे आला, खिशातून रुमाल काढला आणि अंगठा पुसायला लागला.